जुनी मोठी फिश टँक दुरुस्त करताना: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधून किंवा दीपनगरच्या वसाहतीतून कुणाची बदली झाली, जळगावात एखाद्या दवाखान्याचं फर्निचर बदललं, की चार फुटी टाकी निम्म्याहून कमी किमतीत विकायला निघते. घेणारा ती घरी आणतो, त्याच संध्याकाळी सिलिकॉनची ट्यूब आणतो, जिथून पाणी झिरपतं तिथे जुन्यावरच नवीन सिलिकॉन फासतो आणि दुसऱ्या दिवशी टाकी काठोकाठ भरतो. पंधरा दिवसांनी टाकी पुन्हा गळते. मग लोक ट्यूबला नावं ठेवतात. ट्यूब बहुतेक वेळा चांगलीच असते. चूक असते ती कामाच्या क्रमात आणि जुनं सिलिकॉन काढायच्या आळसात.

खालची सगळी मापं ४८ इंच लांब, १८ इंच रुंद आणि २४ इंच उंच टाकीची आहेत, कारण आपल्याकडे जुन्यात सगळ्यात जास्त हेच माप फिरतं. तुमची टाकी वेगळी असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

१. पैसे देण्याआधी

स्टीलची पट्टी, टॉर्च, मार्कर आणि जुनं ब्लेड घेऊन जा. शक्यतो दिवसाउजेडी जा.

पहिलं माप काचेच्या जाडीचं. वरच्या उघड्या कडेवर पट्टी धरा आणि समोरची, मागची, बाजूची अशी प्रत्येक काच वेगळी मोजा. एखादी काच मध्येच बदललेली असते आणि ती पातळ निघते. २४ इंच उंचीला १२ मिमी काच आणि वर काचेच्या पट्ट्या असाव्यात. काच १० मिमीची असेल तर लांबीभर पट्ट्या आणि मधली आडवी पट्टी दोन्ही हवंच. ८ मिमी निघाली तर ती १८ इंच पाण्याची टाकी समजा आणि त्याच हिशेबाने भाव करा.

हे एवढं ताणून सांगण्याचं कारण असं. पाण्याचा दाब टाकीच्या रुंदीवर ठरत नाही, पाण्याच्या उंचीवर ठरतो. २४ इंच पाणी भरलं की समोरच्या एकट्या काचेला सुमारे २२५ किलो वजनाइतका रेटा बसतो. तेच पाणी १८ इंचांवर ठेवलं तर रेटा साधारण १२५ किलोवर येतो. म्हणून शंकास्पद टाकीत सहा इंच पाणी कमी ठेवणं हा फार मोठा उपाय आहे, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

दुसरं, तडे आणि टवके. कडांवरून नख फिरवा. कडेला दोन-तीन मिमीचा टवका उडालेला असेल आणि त्यातून आत रेघ गेलेली नसेल तर चालतं. टवक्यातून केसासारखी रेघ आत जात असेल तर ती काच बदलायचीच आहे असं धरा. तड्यावर सिलिकॉन भरून टाकी वापरता येत नाही. आतल्या बाजूचे बारीक ओरखडे पाणी भरल्यावर बरेच कमी दिसतात, तेवढ्यावरून चांगली टाकी सोडू नका.

तिसरं, सांधे. इथे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. काच आणि काच यांच्या मधला सिलिकॉनचा पातळ थर टाकी धरून ठेवतो. तो खरा सांधा. आतल्या कोपऱ्यात दिसणारी तिरकी पट्टी त्या सांध्याचं रक्षण करते. ती आतली पट्टी. टॉर्च बाहेरून सांध्यावर तिरका मारा. सांध्यात पांढरट ढग, लांब बुडबुडे किंवा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली फट दिसली तर मार्करने खूण करा.

विचारून घ्या: टाकी शेवटची कधी भरली होती, कोरडी किती दिवस पडून आहे, आणि कुठे. आपल्याकडच्या उन्हात गच्चीवर दोन-तीन उन्हाळे काढलेल्या टाकीचा सांधा बाहेरून नीट दिसला तरी मी तो संशयितच धरतो. माशांना कोणती औषधं दिली तेही विचारा. तांब्याचं औषध वापरलेल्या टाकीत झिंगे आणि गोगलगायी ठेवायचा बेत असेल तर जपून.

२. वाहतूक

टाकी पूर्ण रिकामी करा. तळाला वाळू ठेवून आणलेल्या टाक्या वाटेतच जातात. छोटा हत्ती पुरतो. खाली गादी किंवा दोन-तीन गोधड्या, त्यावर टाकी तळावर उभी, चारही बाजूंना पोत्यांचे बोळे. दोर कडेवरून थेट ओढू नका, मध्ये पुठ्ठ्याची घडी ठेवा. नुसती काचच ६५ ते ८० किलो भरते, म्हणून चार माणसं हवीत आणि हात तळाखालीच हवेत.

सावधान: वरच्या आडव्या पट्टीला धरून टाकी कधीही उचलू नका. ती पट्टी काचांना बाहेर फुगू न देण्यासाठी असते, वजन पेलण्यासाठी नसते.

३. आधी स्टँड आणि जागा, मग टाकी

बरेच जण टाकी दुरुस्त करतात आणि स्टँडचं नंतर बघू म्हणतात. गळतीची चाचणी ज्या स्टँडवर टाकी कायम राहणार आहे त्याच स्टँडवर करायची असते. वाकड्या स्टँडवर घेतलेली चाचणी टाकीलाच पीळ देते आणि चांगला सांधा उघडते.

वजनाचा हिशेब: पाणी सुमारे ३४० किलो, काच ८० पर्यंत, वाळू-दगड ४०-५०, शिवाय स्टँड. पावणेपाचशे-पाचशे किलो वजन चार फूट लांब आणि दीड फूट रुंद जागेवर येतं. तळमजल्याच्या फरशीवर काळजी नाही. आरसीसी घराच्या वरच्या मजल्यावर ठेवायची तर भिंतीलगत, तुळईच्या वर किंवा तिच्या जवळ ठेवा, खोलीच्या मध्यावर नको. आणि गावाकडच्या जुन्या धाब्याच्या घरात माळवदावर, लाकडी सरे-तुळयांवर ही टाकी ठेवायचीच नाही. तिथे तळमजला सोडून दुसरी जागा नाही.

स्टँड वेल्डिंगवाल्याकडून अँगलचा करून घ्या. चार पायांशिवाय लांबीच्या मध्यावर पुढे-मागे एकेक पाय मागून घ्या, ते न सांगता बसवत नाहीत. वर १८ मिमी प्लाय, त्यावर थर्माकोल. तळाची काच थेट टेकणारी असेल तरच थर्माकोल घाला. प्लॅस्टिकच्या चौकटीवर उभ्या राहणाऱ्या टाकीला तो लागत नाही.

तपासा: गवंड्याच्या लेव्हल पाइपने स्टँडचे चारही कोपरे बघा. शहाबादी फरशी एका खोलीतही उतरती असते. फरक पायाखाली लोखंडी पत्रीची पाचर देऊन काढा, टाकीच्या खाली कागदाच्या घड्या घालून नाही. पाय डुगडुगत असेल तर पुढे जाऊ नका.

४. गळती नेमकी शोधा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. पाणी थेंबतं तिथे गळती असतेच असं नाही. वरच्या सांध्यातून निघालेलं पाणी काचेच्या कडेने उतरून तळाच्या दुसऱ्या टोकाला थेंबतं, आणि माणूस त्या टोकाला सिलिकॉन फासून मोकळा होतो.

टाकी स्टँडवर ठेवा. खाली चारही कडांना वर्तमानपत्राचे पट्टे सरकवा आणि त्यावर पेनाने खुणा करा. आधी चार इंच पाणी भरा, दोन तास थांबा, कागद बघा. मग आठ इंच, मग बारा. ज्या पातळीला कागद ओला व्हायला लागला ती नोंदवा आणि भरणं बंद करा. आता टाकीला तशीच गळू द्या. पाणी उतरत उतरत एका उंचीवर येऊन गळती आपोआप थांबते. गळती त्या पातळीच्या जवळपास कुठल्यातरी उभ्या सांध्यात आहे. पाणी तळापर्यंत गेलं तर गळती तळाच्या सांध्यात.

नळाला चार-आठ दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात एवढं पाणी चाचणीला वापरणं जिवावर येतं, हे खरं आहे. हे पाणी ड्रममध्ये काढून ठेवा आणि पुढच्या चाचणीला तेच वापरा.

सावधान: या चाचणीत बारा इंचांच्या वर जाऊ नका. न तपासलेली टाकी घरात काठोकाठ भरणं म्हणजे ३४० लिटर पाणी आणि फुटकी काच फरशीवर येण्याची शक्यता.

५. पट्टी बदलायची की टाकी सोडवायची

आता निर्णय घ्या. सांधे स्वच्छ दिसतात, फक्त आतली पट्टी सुटली, उकरली किंवा काळी पडली आहे, तर आतली पट्टी चारही बाजूंची पूर्ण बदला. खऱ्या सांध्यात आरपार फट आहे, सांधा हाताने दाबल्यावर हलतो किंवा टाकी खूप जुनी आणि उन्हात पडलेली आहे, तर काचा सोडवून टाकी पुन्हा बांधावी लागते.

पुन्हा बांधायचं काम पहिल्यांदाच करणार असाल तर या मापाच्या टाकीवर शिकू नका. काचा सोडवून, साफ करून द्या आणि जोडणी टाक्या बांधणाऱ्या कारागिराकडून करून घ्या. पातळ तारेने किंवा जाड तंगूसाने सांधा कापता येतो. दोघांनी दोन टोकं धरून करवतीसारखी तार ओढायची, तिसऱ्याने काच सांभाळायची. पुढच्या पायऱ्या आतली पट्टी बदलण्याच्या आहेत. दुरुस्तीला आलेल्या बऱ्याच टाक्यांना एवढंच लागतं.

एका कोपऱ्यापुरती पट्टी बदलू नका. नवीन सिलिकॉन जुन्या, पिकलेल्या सिलिकॉनला धरत नाही. ठिगळाच्या दोन्ही टोकांना नवं-जुनं जिथे भेटतं, तिथूनच पुढची गळती सुरू होते.

६. जुनं सिलिकॉन काढणं

सगळ्या कामातला निम्मा वेळ इथे द्या. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया.

ब्लेडच्या होल्डरमध्ये नवीन ब्लेड लावा. आतल्या पट्टीला दोन काप द्या, एक या काचेलगत, दुसरा त्या काचेलगत. मग पट्टी लांब सुतासारखी ओढून निघते. ब्लेड काचेला जवळजवळ टेकवून चालवा. खऱ्या सांध्याच्या आत टोक घुसवू नका, तो थर शाबूत राहायला हवा. ब्लेड बोथट झालं की लगेच बदला, बोथट ब्लेड घसरतं आणि बोट कापतं.

मोठी पट्टी निघाल्यावर काचेवर एक पातळ, जवळजवळ न दिसणारा थर उरतो. नवीन सिलिकॉन नेमकं यावरूनच सुटतं. तो ब्लेडने खरवडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने पुसा, वाळू द्या, पुन्हा खरवडा. कोरड्या बोटाने काच घासून बघा. बोट रबरावर अडकल्यासारखं वाटलं तर थर अजून आहे. स्वच्छ काचेवर बोट सरकतं आणि चुर्र वाजतं.

क्षारांचे पांढरे डागही आत्ताच काढायचे. तापीकाठच्या बोअरच्या जड पाण्याने टाकीच्या वरच्या पट्ट्यात दगडासारखा थर बसलेला असतो. लिंबूसत्वाचं घट्ट पाणी करून त्यात भिजवलेलं फडकं त्या डागावर तासभर चिकटवून ठेवा, मग ब्लेडने काढा. फरशीचं ॲसिड, फिनेल, भांडी घासायची पावडर यातलं काहीही वापरू नका. ॲसिडचा वास बंद खोलीत फुप्फुसाला वाईट, आणि साबणाचा अंश कोपऱ्यात राहिला तर सिलिकॉनही धरत नाही आणि मासेही मरतात.

तपासा: अंधारात टॉर्च काचेला समांतर धरा. उरलेला थर चमकतो.

७. छिद्र पाडायचं असेल तर ते आत्ताच

खाली संप टाकी जोडायची असेल (म्हणजे खालची छोटी टाकी: वरचं पाणी छिद्रातून तिच्यात उतरतं आणि पंप ते परत वर टाकतो) तर काचेला छिद्र लागेल, खरं तर दोन, कारण ११ व्या भागात आहे. ते नवीन सिलिकॉनच्या आधी पाडायचं. ड्रिलच्या कंपनाने आणि काचेच्या भुकटीने नव्या पट्टीचं नुकसान होतं, आणि काच फुटली तर निदान सिलिकॉनची मेहनत वाया जात नाही.

आधी काच टफन (तापवून कडक केलेली) आहे का ते बघा. टफन काचेला छिद्र पाडता येत नाही, बिट टेकताच तिचा चुरा होतो. काही टाक्यांची तळाची काच टफन असते. कोपऱ्यात शिक्का शोधा. शिक्का नसेल तर काचेमागे लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन लावा आणि पोलराइज्ड गॉगल घालून, डोकं तिरपं करत बघा. काळे-पांढरे पट्टे किंवा ठिपके दिसले तर ती टफन. शंका उरली तर त्या काचेला हात लावू नका.

नळसामानाच्या दुकानातून टँक निपल (छिद्रात बसवून पाइप जोडायचा आटेवाला तुकडा) आधी आणा. तो हातात धरून त्याच्या आट्याचं बाहेरचं माप घ्या आणि त्याहून एक-दोन मिमी मोठा डायमंड बिट घ्या. उलट क्रमाने खरेदी केली की निपल बसत नाही. छिद्राच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत किमान छिद्राच्या व्यासाइतकं अंतर सोडा. छिद्र मागच्या काचेला, वरच्या भागात घ्या. तळाला छिद्र पाडलं तर निपल गळल्यावर सगळी टाकी रिकामी होते.

टाकी मागच्या काचेवर गादीवर आडवी करा, म्हणजे छिद्राची काच खाली आडवी येईल. बाहेरून, म्हणजे गादीच्या बाजूने, त्या जागी कागदी टेपचे तीन-चार थर आणि खाली लाकडाची सपाट फळी. टाकीच्या आतून छिद्राच्या जागेभोवती मळलेल्या मातीची पाळ करून त्यात पाणी भरा. ड्रिल सगळ्यात कमी वेगावर, हॅमर बंद. सुरुवातीला बिट तिरका टेकवून चंद्रकोर पाडा, मग हळूहळू सरळ करा. दाब ड्रिलच्या वजनाएवढाच. पाणी दुधासारखं पांढरं झालं की बदला. शेवटच्या मिलिमीटरला हात आणखी हलका करा, टवके तिथेच उडतात. टेबलाच्या काचांना छिद्रं पाडणारे काचवाले जळगाव, धुळे, नंदुरबार सगळीकडे आहेत, त्यांना घरी बोलावणं हा मला जास्त शहाणपणाचा मार्ग वाटतो.

सावधान: डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. पाण्याजवळ वायरवाल्या ड्रिलपेक्षा बॅटरीचा ड्रिल बरा.

८. सिलिकॉन लावणं

ट्यूब निवडताना तीन गोष्टी वाचा. शंभर टक्के सिलिकॉन आणि व्हिनेगरसारखा वास येणारं, म्हणजे ॲसेटिक प्रकारचं असावं. बुरशीरोधक औषध मिसळलेलं नसावं, म्हणजे बाथरूम-सिंकसाठी विकतात ते नको, ते औषध पाण्यात उतरून माशांना मारतं. आणि मुदत संपलेली नसावी. पत्र्याच्या दुकानात दोन उन्हाळे तापलेली ट्यूब मुदतीत असली तरी घेऊ नका. आतल्या पट्टीची एकूण लांबी सुमारे पावणेसहा मीटर भरते, एक ट्यूब जेमतेम पुरते. दोन आणा. मध्येच ट्यूब संपून कुणाला दुकानात धाडावं लागलं की पट्टीत जोड पडतो.

दिवसही निवडा. हे सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन पिकतं. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वर लगेच साय धरते आणि आतलं बराच काळ कच्चं राहतं. बहुतेक ट्यूबवर ४० अंशांपर्यंतच्या तापमानात काम करा असं लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात दुपारी खोलीतली काचही त्याच्या आसपास तापते. दसरा-दिवाळीचा काळ उत्तम. उन्हाळ्यातच करावं लागलं तर पहाटे करा, आणि नंतर खोलीत ओलं पोतं टांगून ठेवा. कूलरचा झोत टाकीवर नको, त्याबरोबर धूळ येते. जिनिंगच्या आसपास घर असेल तर कापसाचे तंतू उडतात, तेव्हा खिडक्या बंद ठेवा आणि काम झाल्यावर उघडा, कारण वासाला वाट लागते.

क्रम असा:

कोपऱ्यापासून दोन्ही काचांवर ८ ते १० मिमी सोडून कागदी टेप लावा. चारही उभे कोपरे आणि तळाच्या चारही कडा, सगळ्यांना.

अल्कोहोलने शेवटचं पुसा. यानंतर काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल पुरेसं असतं.

ट्यूबचं तोंड तिरकं कापा. आधी एक उभा कोपरा वरून खाली, मग तळाची लागून असलेली कड, मग पुढचा उभा कोपरा, अशी साखळी न तोडता फिरा. बंदूक पुढे ढकलत न्या म्हणजे सिलिकॉन कोपऱ्यात दाबलं जातं. ओढत आणलं की खाली हवा राहते.

एक जण भरत असताना दुसऱ्याने मागोमाग बोटाने किंवा गोल टोकाच्या पट्टीने एकाच फेऱ्यात गुळगुळीत करायचं. परत परत हात फिरवू नका.

साय धरण्याआधी, म्हणजे साधारण पाच मिनिटांत त्या भागाचा टेप तिरका ओढून काढा. साय धरल्यावर टेप काढला तर पट्टीची कडच उचलली जाते. म्हणून हे दोघांचं काम आहे, एकट्याने चार फुटी टाकीला ते जमत नाही.

तपासा: पट्टीत पोकळी दिसली तर पाच मिनिटांच्या आत भरा. नंतर दिसली तर तिला हात लावू नका, पिकल्यावर आतली पट्टी पूर्ण काढून पुन्हा करायची.

९. वरच्या पट्ट्या

टाकीच्या वर पट्ट्या नसतील किंवा एखादी सुटली असेल तर त्या आतल्या पट्टीनंतर दुसऱ्या दिवशी लावा. काचवाल्याकडून तीन इंच रुंद, टाकीच्याच जाडीच्या आणि कडा घासलेल्या पट्ट्या कापून घ्या. दोन लांबीभर आणि मध्यावर एक आडवी. खाली लाकडाचे टेके देऊन दोन दिवस तशाच ठेवा. रिमलेस, म्हणजे वर पट्ट्या नसलेली टाकी सुंदर दिसते हे मान्य, पण जुनी, कुणी बांधली ते माहीत नसलेली दोन फूट उंच टाकी पट्ट्यांशिवाय भरू नये, एवढं मी ठामपणे सांगेन.

१०. पिकू देणं आणि भरून बघणं

सिलिकॉन वरून कोरडं लागतं तेव्हा आत कच्चं असतं. साधा अंदाज असा की दिवसाला दोन-तीन मिमी खोलीपर्यंत पिकतं, आणि कोपऱ्यात ते त्याहून जाड असतं. आतल्या पट्टीला पूर्ण सात दिवस द्या. काचा सोडवून बांधलेली टाकी असेल तर दोन आठवडे. कोपऱ्याला नाक लावा, व्हिनेगरचा वास येत असेल तर थांबा.

मग त्याच स्टँडवर, त्याच कागदी पट्ट्यांवर: पाव टाकी भरा, एक दिवस. अर्धी, एक दिवस. पाऊण, एक दिवस. वरून दोन इंच कमी, तीन दिवस. प्रत्येक टप्प्याला समोरच्या काचेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताठ दोरा धरा आणि मध्यावर काच किती फुगली आहे ते पट्टीने मोजून लिहा. भरल्यावर काच थोडी फुगणारच. पाणी तेवढंच असताना दुसऱ्या दिवशी फुगवटा वाढलेला दिसला तर मात्र लगेच पाणी उतरवा.

सावधान: दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी भरू नका. मे महिन्यात ते हात भाजेल इतकं तापलेलं असतं, थंड काचेवर ते पडलं तर काच तडकू शकते. पहाटेचं पाणी भरा.

११. संप आणि लाइट जाण्याची चाचणी

संप जोडणाऱ्यांनी एक हिशेब पाठ करावा: या टाकीत एक इंच पाणी म्हणजे सुमारे १४ लिटर. लाइट गेली, पंप थांबला की वरचं पाणी निपलच्या पातळीपर्यंत खाली येतं. ते दोन इंच उतरलं तर २८ लिटर संपमध्ये येतील. संप ३० इंच लांब आणि १२ इंच रुंद असेल तर एवढ्या पाण्याने त्याची पातळी पाच इंच चढते. म्हणजे चालू पंपावर संप काठापासून किमान सहा इंच रिकामा हवा. पंपाचं पाणी वर आणणाऱ्या परतीच्या पाइपचं तोंड वरच्या टाकीत खोल बुडवलं असेल तर ते उलटं शोषून आणखी पाणी खाली आणतं, म्हणून तोंड पृष्ठभागाच्या लगत ठेवा.

निचऱ्याला दोन छिद्रं ठेवा, एक कामाचं आणि एक थोडं वर, अडीअडचणीचं. एका छिद्रात पान किंवा गोगलगाय अडकली की पंप वरची टाकी काठाबाहेर ओततो.

तपासा: मासे नसताना पंप मुद्दाम पाच वेळा बंद-चालू करा. लोडशेडिंग असलेल्या फीडरवर हे दिवसातून अनेकदा होणार आहे. शेवटच्या वेळी कामाचं छिद्र हाताने बुजवून दुसऱ्या छिद्रातून पाणी पुरेसं जातंय का ते बघा.

प्रत्येक वायरला प्लगच्या खाली लोंबता झोळ ठेवा, म्हणजे वायरवरून आलेला थेंब प्लगमध्ये न जाता खाली पडेल. टाकीच्या बोर्डला ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग हवं. पाण्यात हात घालताना मेन बंद.

१२. झाकण आणि उन्हाळा

जुन्या टाकीवर बहुधा बंद प्लॅस्टिकचं झाकण असतं आणि आत चोकवाली ट्यूबलाइट. आपल्याकडच्या ४४-४५ अंशांत ते दोन्ही काढा. जागी जाळीचं झाकण आणि सहा इंच वर टांगलेला एलईडी. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका छोटा पंखा लावला तर कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंश उतरतं. पावसाळ्यात दमट हवेत तो फारसा उपयोगी पडत नाही.

पंख्याने पाणी रोज आटतं, क्षार मात्र टाकीतच राहतात. वर बोअरचंच पाणी घालत गेलात तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, वाढतच जातो. आटलेल्याची भरपाई आरओच्या गोड पाण्याने करा आणि आठवड्याची पाणीबदल नेहमीच्या पाण्याने. पाणी मुळात जड असेल तर डिस्कस माशांच्या मागे लागू नका. आफ्रिकेतल्या मोठ्या तळ्यांच्या चिकलिड माशांना तेच पाणी मानवतं.

१३. मासे सोडण्याआधी

चाचणीचं शेवटचं पाणी काढून टाका, एकदा साध्या पाण्याने खळबळा, मग नवीन भरा. नळाच्या पाण्याला क्लोरीन काढायचं औषध घाला. फिल्टर सुरू करा आणि त्यात माशांची घाण पचवणारे जिवाणू जमेपर्यंत, साधारण चार ते सहा आठवडे, गर्दी करू नका. चालू टाकीच्या फिल्टरमधला स्पंज कुणी दिला तर हा काळ कमी होतो.

या आठवड्यांत टाकीखालचे वर्तमानपत्राचे पट्टे काढू नका. रोज सकाळी त्यांच्यावर हात फिरवा, आणि शनिवारी दोरा धरून फुगवटा लिहून ठेवा. वाळू आणि दगड मागाहून टाकणार असाल तर मोठे दगड थेट तळाच्या काचेवर न ठेवता खाली जाड प्लॅस्टिकची जाळी अंथरा, आणि दगड ठेवल्यावर पुढचे तीन दिवस पट्टे पुन्हा रोज बघा.